टेपच्या माथी फोडलेलं खापर

बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) मराठी प्रेक्षकाला परका नाही. एक बंद खोली, मधोमध लांबलचक टेबल, जीव नकोसा करणारा उकाडा आणि एका पोराच्या जिवाचा फैसला करायला बसलेली बारा माणसं. त्यामागचा सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) हा चित्रपटही अनेकांनी पाहिलेला असतो. त्याच्याही मागे एक प्रयोग आहे, तो मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. २० सप्टेंबर १९५४ च्या सोमवारी रात्री अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या कार्यक्रमात रेजिनाल्ड रोझनं लिहिलेलं आणि फ्रँकलिन शॅफनरनं दिग्दर्शित केलेलं हे नाटक पहिल्यांदा झालं. जाहिराती धरून एक तास, सुरुवातीपासून शेवटापर्यंत थेट. कुणी वाक्य विसरलं तर ते देशभर विसरलं जाणार होतं. पुढच्या सोमवारी त्याच वेळेला दुसरंच नाटक होतं. पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेली अंधुक प्रत, म्हणजे किनेस्कोप, एवढीच या प्रयोगाची आठवण उरली. तीसुद्धा कैक वर्षं अर्धीच हाती होती. पूर्ण प्रत सापडायला २००३ साल उजाडावं लागलं.

हा कार्यक्रम एकटा नव्हता. ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ मे १९४७ मध्ये सुरू झालं, ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ आणि ‘स्टुडिओ वन’ १९४८ मध्ये. पुढे ‘रॉबर्ट माँटगोमेरी प्रेझेंट्स’, ‘गुडइयर प्लेहाउस’, ‘यू. एस. स्टील अवर’ आणि १९५६ मध्ये दीड तासाचं ‘प्लेहाउस ९०’ आलं. घाट सगळ्यांचा एकच: दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं, नवे नट, आणि तेही थेट. यांना सुट्या नाटकांच्या मालिका म्हणता येईल. दहा-बारा वर्षांत हे सगळं उभं राहिलं आणि ओसरलंही. अमेरिकन टीव्हीचा इतिहास सांगणारे या काळाला सुवर्णयुग म्हणतात, आणि त्याच्या अंताची एक सोपी गोष्ट सांगतात: व्हिडिओटेप आली, थेटपणा गेला, थेटपणाबरोबर नाटकातला जीव गेला. रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते, कारण तिसऱ्या घंटेनंतर मागे फिरता येत नाही यातच नाटकाची खरी गंमत आहे असं आपण मानतो. पण पुरावा मांडून पाहिला तर ती टिकत नाही. थेटपणा ही त्या नाटकांची अडचण होती. त्या अडचणीनं नाटकांना आकार दिला हे खरं, पण त्यांना जगवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. नाटकाचा खर्च उचलणारा धनी मागच्या आठवड्याचा प्रेक्षक या आठवड्यात परत आलाच पाहिजे, असा हट्ट धरत नव्हता. त्याचा हिशोब बदलला आणि नाटकं गेली. टेपवर उगाच खापर फुटलं.

आधी अडचणीचं पाहू. १९४७ मध्ये चित्र चांगलं साठवून पुन्हा दाखवण्याचं सोयीचं साधन टीव्हीकडे नव्हतं. फिल्मवर चित्रीकरण महाग होतं आणि हॉलिवुडचे स्टुडिओ टीव्हीला शत्रू मानत होते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये जे घडेल ते त्याच क्षणी दाखवणं, हाच व्यवहार्य मार्ग होता. सप्टेंबर १९५१ पर्यंत तर पूर्व आणि पश्चिम किनारे टीव्हीच्या जाळ्यानं जोडलेलेही नव्हते. पश्चिमेकडच्यांना नाटक पाहायला मिळायचं ते किनेस्कोपवर, शिळं आणि धूसर. स्टुडिओ लहान होते. त्यातले बरेचसे रेडिओसाठी बांधलेले, मागाहून टीव्हीसाठी वापरात आणलेले. अवजड कॅमेरे, जमिनीवर पसरलेल्या जाड केबल, डोक्यावर तळपणारे प्रखर दिवे, आणि सावली चेहऱ्यावर पडू न देता नटाच्या मागे मागे फिरणारा माइक. नटाला एका नेपथ्यातून दुसऱ्यात पळायला आणि वाटेत कोट बदलायला वेळ हवा म्हणून लेखक मधे दुसऱ्या पात्रांचा छोटासा प्रवेश घालायचा, किंवा जाहिरातीची वेळ साधायची. अशा जागेत घोडदौड किंवा समुद्रावरची लढाई कशी बसणार? बसत होतं ते स्वयंपाकघर, कचेरी, नाचगाण्याच्या हॉलचा एखादा कोपरा. घरचा पडदाही लहान असल्यामुळे दूरचं दृश्य मुंग्यांच्या रांगेसारखं दिसे. म्हणून कॅमेरा चेहऱ्याकडे सरके. चेहरा जवळ आल्यावर मोठ्यानं बोलायची गरज उरत नाही, आणि संवाद कुजबुजीपर्यंत खाली उतरू शकतो. या नाटकांची जी शैली म्हणून नंतर वाखाणली गेली ती अशी जागेच्या आणि यंत्राच्या टंचाईतून आली.

लेखक मध्यभागी आला तोही बराचसा नाइलाजानं. सुरुवातीला या कार्यक्रमांना नवी नाटकं नको होती. फिल्कोनं ऑक्टोबर १९४८ मध्ये आरंभ केला तो ब्रॉडवेवर गाजलेल्या ‘डिनर ॲट एट’नं. पण गाजलेल्या नाटक-कादंबऱ्यांचे हक्क बहुधा चित्रपट कंपन्यांनी आधीच विकत घेतलेले असत आणि त्या ते टीव्हीला वापरू देत नसत. दर आठवड्याला एक म्हणजे वर्षाला चाळीस-पन्नास नाटकं लागणार. हक्कमुक्त जुनी पुस्तकं कितीशी पुरणार? फिल्कोच्या निर्मात्यानं, फ्रेड कोनं, मग नव्या लेखकांना हाताशी धरलं. पॅडी चायेफ्स्की, हॉर्टन फूट, रॉबर्ट ॲलन ऑर्थर ही त्याच्याकडची काही नावं. १ मार्च १९५३ ला फूटचं ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ झालं. लेकाच्या घरातून निघून आपलं जुनं गाव एकदा डोळ्यांनी पाहू इच्छिणाऱ्या म्हातारीची ही गोष्ट. त्यात म्हातारी झाली होती मूकपटांच्या काळातली तारका लिलियन गिश. तीनच महिन्यांत, २४ मे १९५३ ला, चायेफ्स्कीचं ‘मार्टी’ आलं. ब्राँक्समधला तिशी ओलांडलेला जाडजूड खाटीक, लग्नाचा विषय काढणारी आई, आणि शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये भेटलेली एक साधी शिक्षिका. त्याची कल्पनाही तालमीच्या जागेतून आली असं सांगतात. ज्या हॉटेलच्या हॉलमध्ये तालमी चालत तिथेच एकट्या माणसांसाठी नाचाचे कार्यक्रम होत, आणि जो विचारेल त्याच्याबरोबर मुलींनी नाचावं अशी विनंती करणारी पाटी चायेफ्स्कीनं तिथे पाहिली होती. रॉड स्टायगरनं मार्टी केला. दोन वर्षांनी निघालेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. चित्रपटवाल्यांनी टीव्हीकडून गोष्ट उचलावी, हे त्याआधी कुणाला खरं वाटलं नसतं.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. अडचण म्हणा नाहीतर काही म्हणा, थेटपणामुळेच नटांच्या अंगात वीज येत असेल की नाही? चूक झाली तर सावरायला वाव नाही, या भीतीनं सगळ्यांची कानशिलं तापलेली असणार, आणि ती धग प्रेक्षकापर्यंत पोचत असणार. ती पोचत होती हे नाकारण्याचं कारण नाही. पण नाटकं मोठी झाली ती त्या धगीमुळे, असं म्हणायचं तर दोन गोष्टींचा उलगडा करावा लागेल. पहिली गोष्ट, ‘मार्टी’ आणि ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ चित्रपट झाले तेव्हा पुन्हा पुन्हा टेक घेऊन, तुकड्या-तुकड्यानं चित्रित झाले, तरी त्यांची ताकद उणावली नाही. धग गेली, नाटक राहिलं. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. २ एप्रिल १९५६ ला सीबीएसवर दुपारच्या दोन कौटुंबिक मालिका सुरू झाल्या, ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ आणि ‘द एज ऑफ नाइट’. दोन्ही थेट होत, आणि १९७५ पर्यंत होत राहिल्या. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी आली तेव्हा ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’चा प्रयोग थेट चालू होता आणि तो तोडून बातमी द्यावी लागली. थेटपणातच जादू असती तर या दोन मालिकांनी जवळपास वीस वर्षांत रोज एक याप्रमाणे सोन्याची नाणी पाडली असती. त्यांचा प्रेक्षक मोठा आणि निष्ठावान होता. पण एखाद्या दुपारचा भाग नाटक म्हणून वेगळा काढून कुणी रंगमंचावर नेला नाही की त्याचा चित्रपट केला नाही. थेटपणा दोन्हीकडे सारखाच होता. तिकडची पात्रं मात्र उद्या परत यायची होती आणि इकडची आज रात्री संपायची होती.

याच आक्षेपाचं एक उलटं रूपही आहे. लहान खोली ही नाइलाजाची गोष्ट असेल, तर ‘क्राफ्ट’नं २८ मार्च १९५६ ला टायटॅनिक बुडवली ती कशी? जॉर्ज रॉय हिलनं दिग्दर्शित केलेल्या ‘अ नाइट टू रिमेंबर’मध्ये शंभराहून जास्त नट होते, तिसाहून जास्त नेपथ्यं होती, आणि पाणी शिरणाऱ्या जहाजाचा देखावा थेट प्रयोगात उभा केला होता. तंत्राचा तो पराक्रमच होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण या पराक्रमाचं वर्ष पाहावं. ‘मार्टी’ला तीन वर्षं झाली होती आणि हॉलिवुडच्या फिल्मवरच्या मालिका टीव्हीवर धडाक्यात शिरल्या होत्या. टायटॅनिक बुडवणं हे त्यांच्याशी त्यांच्याच हत्यारानं लढणं होतं. ज्या खेळात हॉलिवुड केव्हाही वरचढ ठरणार तो खेळ न्यूयॉर्कचे लोक जिवाच्या करारानं खेळत होते. एकदा जिंकले, पण दर बुधवारी जहाज बुडवता येत नाही.

आता टेपकडे वळू, कारण आरोपी तीच आहे. अँपेक्स कंपनीनं एप्रिल १९५६ मध्ये शिकागोच्या एका संमेलनात आपलं यंत्र दाखवलं, आणि ३० नोव्हेंबर १९५६ ला सीबीएसनं ते पहिल्यांदा प्रक्षेपणासाठी वापरलं. वापरलं ते संध्याकाळच्या बातम्या पश्चिम किनाऱ्यावर तीन तास उशिरा दाखवण्यासाठी. सुरुवातीची काही वर्षं टेपचा मुख्य उपयोग हाच होता. दोन इंच रुंदीची ती टेप कापणं-जोडणं इतकं किचकट होतं की नाटक टेपवर घ्यायचं म्हटलं तरी ते बहुतेक सलगच करावं लागे, थेट प्रयोगासारखंच. शिवाय ती इतकी महाग की एकदा दाखवून झाल्यावर पुसून पुन्हा वापरणं परवडे. तेव्हा कार्यपद्धती एका रात्रीत पालटायला टेपनं सुरुवातीला फारसं काही केलंच नाही. आता तारखा समोर ठेवू. फिल्कोनं रविवारचं नाटक १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंतच चालवलं. त्या वेळी टेप प्रयोगशाळेबाहेर आलेली नव्हती. ‘रॉबर्ट माँटगोमेरी प्रेझेंट्स’ १९५७ मध्ये थांबलं, तेव्हा टेपनं जेमतेम बाळसं धरलं होतं. उलट ‘प्लेहाउस ९०’नं पुढच्या हंगामांत टेपचा वापर सुरू केला आणि तरीही दर्जाला उतरती कळा लागू दिली नाही. आणि रॉड सर्लिंग! ‘पॅटर्न्स’ आणि ‘रेक्विम फॉर अ हेवीवेट’ लिहिणारा थेट नाटकांचा हा बिनीचा लेखक ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ घेऊन आला. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं. फक्त जवळजवळ सगळं फिल्मवर. थेटपणा संपूर्ण गेला, सुटेपणा राहिला, आणि पाच हंगाम लेखकाची जागाही राहिली. मेल्याचा दाखला लिहायचा तर कारणाच्या रकान्यात टेप लिहिता येत नाही.

मग काय लिहायचं? त्यासाठी नाटकाचे पैसे कोण भरत होतं आणि कशासाठी, हे विचारायला हवं. त्या काळात एक कंपनी आख्खा कार्यक्रम विकत घेई आणि कार्यक्रमाला आपलं नाव देई. पहिल्या फळीच्या धन्यांची यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. फिल्को टीव्हीसंच बनवत असे. ‘स्टुडिओ वन’चा खर्च उचलणारी वेस्टिंगहाउसही बनवत असे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या साधारण ९ टक्के घरांत टीव्ही होता. उरलेल्या ९१ टक्के घरांना तो घ्यावासा वाटावा, हीच फिल्कोची गरज होती. ब्रॉडवेच्या तोडीचं नाटक घरबसल्या दिसतं असं शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगितलं, की त्या तासाचे पैसे वसूल. दुसऱ्या प्रकारचे धनी यू. एस. स्टील आणि ॲल्युमिनियम बनवणारी अल्कोआ. पोलादाची पट्टी काही गृहिणी बाजारातून आणत नाही. या कंपन्यांना हवं होतं नाव: आपण धनदांडगे असलो तरी संस्कृतीचे पाठीराखे आहोत, अशी प्रतिमा. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी होती. आज रात्रीचं नाटक पाहणारा माणूस पुढच्या आठवड्यात आला नाही तरी धन्याचं काम झालेलं असे. म्हणून या रविवारी म्हातारीची कहाणी, पुढच्या रविवारी खाटकाची आणि त्यापुढच्या रविवारी काहीतरी साफ फसलेलं, हे चालून जाई. यावर कुणी म्हणेल की क्राफ्टला तर चीजच विकायचं होतं, आणि ‘क्राफ्ट’च्या नाटकामुळे दुकानातलं त्यांचं चीज संपल्याची हकिकत जाहिरातवाले अभिमानानं सांगत. बरोबर. पण संच मोजके आणि तासाचे दर स्वस्त होते तेव्हाची ही गोष्ट आहे. नाटक स्वस्त होतं तोवर प्रतिष्ठा आणि विक्री यांत निवड करायची वेळच आली नाही.

ती वेळ १९५५ च्या सुमारास आली. तोवर जवळपास दोन तृतीयांश घरांत टीव्ही पोचला होता. संच विकण्यासाठी नाटकाची गरज ओसरली, प्रक्षेपणाच्या तासाची किंमत मात्र प्रेक्षकांच्या संख्येबरोबर चढत गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या रेव्हलॉननं ‘द ६४,००० डॉलर क्वेश्चन’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम आणला आणि तिची विक्री झपाट्यानं वाढली. एवढा पैसा ओतून परतावा असा रोख मोजता येतो म्हटल्यावर प्रतिष्ठेचा हिशोब कच्चा वाटू लागला. दुसरीकडून हॉलिवुड आलं. ‘आय लव्ह लूसी’ १९५१ पासून फिल्मवर चित्रित होत होती, आणि तिचे भाग पुन्हा पुन्हा दाखवून पैसा मिळतो हे उघड झालं होतं. १९५५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सची ‘शायन’ आणि सीबीएसची ‘गनस्मोक’ या घोड्यांच्या आणि पिस्तुलांच्या मालिका आल्या. मालिकेचा नायक एकदा आवडला की दर आठवड्याला त्याच्यासाठी प्रेक्षक येतो. सुट्या नाटकाला दर आठवड्याला प्रेक्षक नव्यानं कमवावा लागतो. फिल्मवरची मालिका परत विकता येते, थेट नाटक रात्री साडेदहाला हवेत विरून जातं. वाहिन्यांनाही एका धन्याच्या हातात आख्खा तास देण्यापेक्षा तो मिनिटांमिनिटांत तोडून अनेकांना विकणं फायद्याचं दिसलं. मिनिट विकत घेणाऱ्याला नाटकाशी देणंघेणं नसतं. त्या मिनिटाला किती डोळे हजर आहेत एवढंच तो विचारतो. ‘क्राफ्ट’ आणि ‘स्टुडिओ वन’ दोन्ही १९५८ च्या शरद ऋतूत बंद झाली. ‘प्लेहाउस ९०’ची वेळ १९५९ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या गुंड-पोलिसांच्या मालिकेच्या समोर आली आणि १९६० मध्ये तेही गेलं. यू. एस. स्टीलचा तास मात्र १९६३ पर्यंत तग धरून होता. नावासाठी पैसे मोजणारा धनी सर्वांत शेवटी उठला, ही बाब योगायोगाची मानणं कठीण आहे.

दुसरा आक्षेप सुवर्णयुग या शब्दावरच आहे, आणि तो वजनदार आहे. ‘क्राफ्ट’नं अकरा वर्षांत सुमारे ६५० नाटकं केली. सगळ्या मालिका मिळून संख्या काही हजारांच्या घरात जाते. आज नावानिशी आठवतात ती दहा-पंधरा. बाकीची बहुतेक घाईत लिहिलेली, कुणाच्याही लक्षात न राहिलेली. किनेस्कोप नष्ट झाल्यामुळे त्यांचा सुमारपणाही झाकला गेला, असं म्हणणारे चूक नाहीत. सरासरी काढली तर हा काळ सोन्याचा ठरणार नाही. पण नाट्यव्यवहार सरासरीवर जोखायचा असतो का? आपल्या रंगभूमीवरही गाजलेल्या प्रत्येक नाटकामागे पंचवीस प्रयोगांत बंद पडलेल्या नाटकांची रांग असते, आणि ती रांग नसती तर गाजलेलंही उभं राहिलं नसतं. सुट्या नाटकांच्या व्यवस्थेनं लेखकाला खरं काय दिलं असेल तर ही फसण्याची मुभा. या सोमवारचं नाटक पडलं तरी पुढचा सोमवार दुसऱ्या लेखकाचा होता. पडलेल्या नाटकाचं भूत मालिकेच्या मानगुटीवर बसत नव्हतं. मालिकेत तसं होत नाही. नायकाच्या स्वभावात चुकीचा बदल केला की पुढचे वीस भाग भोगावे लागतात, म्हणून कुणी बदल करतच नाही. सुमार नाटकं ही त्या व्यवस्थेची किंमत होती, आणि ती किंमत भरायला कुणीतरी तयार होतं.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: हे धनी उदार वगैरे काही नव्हते, ते सेन्सॉर होते. खरंच होते. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं कम्युनिस्ट असल्याच्या किंवा त्यांच्याशी संबंध असल्याच्या संशयावरून छापली होती. त्यांतल्या अनेकांची कामं बंद झाली, कारण कुणाही कंपनीला भानगड नको होती. रेजिनाल्ड रोझनं ‘थंडर ऑन सायकामोर स्ट्रीट’ (१९५४) योजलं होतं ते गोऱ्यांच्या वस्तीत राहायला आलेल्या काळ्या कुटुंबाबद्दल. पडद्यावर आला तो तुरुंगातून सुटलेला गोरा माणूस. एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनानं अस्वस्थ होऊन सर्लिंगनं ‘नून ऑन डूम्सडे’ (१९५६) लिहिलं. यू. एस. स्टीलच्या तासात ते झालं तोवर, जिथे तो खून झाला त्या अमेरिकेच्या दक्षिणेचा मागमूस राहिला नव्हता. कोका-कोलाच्या बाटलीनं दक्षिण आठवेल म्हणून तीही काढायला लावली, असं सर्लिंग पुढे सांगत असे. १९५९ मध्ये ‘प्लेहाउस ९०’वर ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ झालं तेव्हा तर कमाल झाली. जाहिरातदारांत गॅस कंपन्यांची संघटना होती, म्हणून छळछावण्यांच्या उल्लेखातला ‘गॅस’ हा शब्द आवाज बंद करून गाळला गेला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण याहून क्रूर रीतीनं कुठे खरी ठरली असेल? या आक्षेपाला माझं उत्तर असं की तो माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, तो पुरा करतो. नाव कमावण्यासाठी पैसे घालणारा माणूस बदनामीला सर्वांत जास्त भितो. डोकी न मोजण्याचा मोठेपणा आणि एका रागावलेल्या पत्राला घाबरण्याचा भित्रेपणा एकाच मुळातून येतात. म्हणून या नाटकांना एकटेपणा, म्हातारपण, कचेरीतली गळेकापू स्पर्धा, दारूचं व्यसन यांवर हवं तेवढं खोल जाता आलं, आणि वंशभेदाच्या दारात पाऊल ठेवताच मागे ओढलं गेलं. ऑर्थरच्या ‘अ मॅन इज टेन फीट टॉल’मध्ये (१९५५) सिडनी पॉइटिएला मध्यवर्ती भूमिका मिळाली, तो अपवादच. युगाला सुवर्ण म्हणायचं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्याची ही घडण ओळखणं जास्त उपयोगाचं.

घडण ओळखली हे पडताळायला शेजारी पाहावं लागतं. शेजारी म्हणजे ब्रिटन. बीबीसीनं डिसेंबर १९५४ मध्ये ऑर्वेलच्या ‘१९८४’चं नाटक थेट केलं, त्यावर संसदेपर्यंत खळबळ माजली, आणि चारच दिवसांनी सगळ्या नटांनी ते पुन्हा थेट केलं. १९५६ मध्ये आयटीव्हीवर ‘आर्मचेअर थिएटर’ सुरू झालं. न्यूयॉर्कची टीव्ही नाटकं जवळून पाहिलेला कॅनेडियन निर्माता सिडनी न्यूमन १९५८ मध्ये तिथे आला आणि त्यानं समकालीन ब्रिटिश जीवनावर नवी नाटकं लिहून घेतली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ‘अंडरग्राउंड’ या नाटकाचा थेट प्रयोग चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट कोसळला आणि गेला. इतरांनी त्याची वाक्यं आपसात वाटून घेत नाटक शेवटाला नेलं. थेटपणाची ही सर्वांत भयंकर किंमत. तिथेही टेप आली, थेटपणा गेला. सुटी नाटकं मात्र गेली नाहीत. ‘आर्मचेअर थिएटर’ १९७४ पर्यंत चाललं. बीबीसीच्या ‘वेन्सडे प्ले’मध्ये १९६६ साली केन लोचचं ‘कॅथी कम होम’ बहुतांशी फिल्मवर, रस्त्यावर जाऊन चित्रित झालं आणि बेघरांचा प्रश्न देशाच्या तोंडी आला. पुढे ‘प्ले फॉर टुडे’ १९७० ते १९८४ चाललं. यंत्रं तीच, तंत्र तेच, निकाल वेगळा. कारण पैसा वेगळ्या वाटेनं येत होता. बीबीसी परवाना शुल्कावर चाले. आयटीव्हीवर जाहिराती होत्या, पण १९५४ च्या कायद्यानं जाहिरातदाराला कार्यक्रम विकत घ्यायची बंदी होती. आणि प्रत्येक प्रदेशातल्या वाहिनीला जाहिरातींच्या बाजारात स्पर्धक जवळजवळ नव्हताच, म्हणून एखाद्या रविवारी प्रेक्षक घटला तरी कुणाचं दिवाळं निघत नव्हतं. म्हणजे धनी कंपनीच असावी लागते असं नाही, सरकारी असावा लागतो असंही नाही. प्रेक्षक दर आठवड्याला मोजून निकाल लावायची घाई त्याला नसली म्हणजे पुरे.

ज्या नाटकापासून हा शोध सुरू झाला त्याची रचनाच या घाईविरुद्ध उभी आहे. खोलीचं दार बंद होतं, बारा जण मत देतात, आणि मोजणी होते अकरा विरुद्ध एक. तिथेच निकाल लावला असता तर सगळे वेळेवर घरी गेले असते, पोरगा जिवाला मुकला असता, आणि नाटक पाच मिनिटांत संपलं असतं. नाटक घडतं कारण एक जण म्हणतो, थोडा वेळ बसून बोलू. पहिल्या मोजणीवर निकाल न लावता तासभर बसू देणारा धनी रेजिनाल्ड रोझलाही लाभला होता. तो उठून गेला, आणि पुढे टीव्हीवर पहिलीच मोजणी शेवटची ठरू लागली.